गिऱ्हाईक होतं, दुकान चाललं नाही

पुण्यात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध एवढी कुरकुर ऐकू येते, मोर्चे निघतात, २०२४ च्या उन्हाळ्यात तर दंगली पेटल्या, मग तिथले कडवे उजवे पक्ष निवडणुकीत दर वेळी आपटतात कसे? फ्रान्समध्ये ल पेन बाप-लेक राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटच्या फेरीपर्यंत गेले. ब्रिटनमध्ये मात्र १९३० च्या दशकातल्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्ट मोझलीपासून ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या (बीएनपी) ग्रिफिनपर्यंत कुणालाही अशा पक्षाच्या नावावर संसदेत जाता आलं नाही. असं का?

मी १९९७ पासून पूर्व लंडनमध्ये राहतो. पहिली काही वर्षं दारोदार पत्रकं टाकली, मग मतमोजणीचा एजंट झालो. पुढे तीन निवडणुकांत उमेदवाराचा अधिकृत इलेक्शन एजंट होतो, म्हणजे खर्चाच्या हिशेबात घोळ झाला तर कोर्टात ज्याला उभं करतात तो माणूस. पक्ष कुठला ते सांगत बसत नाही. कडव्या उजव्यांच्या विरोधातला, एवढं पुरे. तेव्हा मी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचावं.

या प्रश्नाचं एक गुळगुळीत उत्तर इथल्या लोकांच्या तोंडी कायम असतं: ब्रिटिश माणूस मुळातच समंजस, त्याला टोकाचं काही रुचत नाही. मला हे पटत नाही. २० एप्रिल १९६८ ला हुजूर पक्षाच्या एनोक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना लगेच छाया मंत्रिमंडळातून काढलं. पण गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोक पॉवेल यांच्या बाजूचे निघाले आणि लंडनचे गोदी कामगार, एरवी मजूर पक्षाचे हक्काचे मतदार, काम टाकून त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले. म्हणजे गिऱ्हाईक होतं, आणि भरपूर होतं. त्या गिऱ्हाइकासाठी थाटलेलं दुकान चाललं नाही. का चाललं नाही, ते पाहायचं तर बार्किंगपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिथे ते मी जवळून पाहिलं.

बार्किंग आणि डॅगेनहॅम ही लंडनच्या पूर्व टोकाची जोडगावं. पहिल्या महायुद्धानंतर ईस्ट एंडच्या कोंदट खोल्यांतून कामगारांना बाहेर काढण्यासाठी तिथे बेकनट्री नावाची वसाहत उभी राहिली. कौन्सिलची, म्हणजे पालिकेची, जवळजवळ २६ हजार घरं, प्रत्येकाला पुढे-मागे बागेचा तुकडा. १९३१ पासून फोर्डचा कारखाना. आजोबा फोर्डमध्ये, बाप फोर्डमध्ये, मुलगा फोर्डमध्ये, आणि मुलाचं लग्न ठरलं की कौन्सिलकडे अर्ज टाकायचा, चार गल्ल्या पलीकडे घर मिळायचं. १९८० नंतर थॅचरबाईंनी भाडेकरूंना ही घरं स्वस्तात विकत घेऊ दिली. विकलेल्या घरांच्या जागी कौन्सिलने नवीन फारशी बांधलीच नाहीत. २००२ मध्ये फोर्डने तिथलं मोटारी जोडण्याचं काम बंद केलं. विकत घेतलेली घरं पुढे भाड्याने जाऊ लागली आणि स्वस्त भाडं म्हणून मध्य लंडनमधून नायजेरियन, घानाचे, बांगलादेशी, पूर्व युरोपातले लोक येऊ लागले. मधली सगळी गोष्ट कुणाला दिसत नव्हती. दिसत होतं ते एवढंच: माझ्या मुलीला घर नाही आणि शेजारच्या घरात नवीन चेहरा.

२००६ च्या कौन्सिल निवडणुकीत बीएनपीने तिथे डझनभर जागा मिळवल्या आणि कौन्सिलमधला अधिकृत विरोधी पक्ष होऊन बसली. आफ्रिकन लोकांना इथे घर घ्यायला सरकार हजारो पौंड देतं, अशी धादांत खोटी आवई त्यांच्या पत्रकांतून घरोघर गेली होती.

२०१० च्या एप्रिलमध्ये मी तिथे दारं ठोठावत होतो. त्या वर्षी कौन्सिलची आणि संसदेची निवडणूक एकाच दिवशी, ६ मे ला होती, आणि बीएनपीचा अध्यक्ष निक ग्रिफिन खुद्द बार्किंगमधून खासदारकीला उभा होता. आमच्या कागदावर प्रत्येक मतदाराच्या नावापुढे एक अक्षर लिहायचं असतं: आपला, विरोधी, डळमळीत. एका दारात साठी उलटलेला माणूस चहाचा मग घेऊन आला. माझा चेहरा पाहिला, छातीवरचा बिल्ला पाहिला आणि म्हणाला, "तुझ्याविरुद्ध काही नाही हं, मित्रा. पण गेल्या वेळी मी त्यांना मत दिलं." मी म्हटलं, बरं, का दिलं? तर तो मला आत घेऊन गेला. न्हाणीघराच्या भिंतीवर छतापर्यंत काळी बुरशी. अकरा वेळा तक्रार केली, म्हणाला, माणूस येतो, फोटो काढतो, जातो. आणि मुलगी दोन पोरं घेऊन मागच्या खोलीत राहते. वीस मिनिटांत त्याने वंश, धर्म, इस्लाम यातलं काही काढलं नाही. मी विचारलं, मग तुमच्या वॉर्डातल्या त्या बीएनपीवाल्याने काय केलं? तो हसला. "तो? तो तर फोनच उचलत नाही."

त्याच्यापुढे मी 'डळमळीत' लिहिलं. संध्याकाळी सहकाऱ्यांनी आपापले कागद जुळवले तेव्हा अशा डळमळीतांची रांग लागली होती.

या माणसात माझ्या उत्तराचा निम्मा भाग आहे. बीएनपीला मत देणारे सगळे बीएनपीचे नव्हते. मजूर पक्षावर रुसलेले पुष्कळ होते. रुसवा काढायला घरी कुणी येत नव्हतं तोवर मत तिकडे गेलं. तिथल्या खासदार मार्गारेट हॉज २००६ मध्ये जाहीरपणे म्हणाल्या होत्या की दहातली आठ गोरी कुटुंबं बीएनपीकडे वळण्याच्या मोहात आहेत. आमच्यातलेच लोक त्यांच्यावर तुटून पडले, की अशाने त्या पक्षाची फुकट जाहिरात होते. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण बाईंनी नंतर चार वर्षं चिवटपणे गल्लोगल्ली चहाच्या बैठका घेतल्या, भाषणं न देता गटार, कचरा, पार्किंग, बुरशी ऐकून घेतली, आणि जे झालं ते लोकांना पत्राने कळवलं.

मतमोजणीच्या रात्रीचं सांगतो. पेट्या उघडल्या की आधी फक्त मतपत्रिका मोजतात, पेटीत किती आणि नोंदीत किती ते जुळवायला. त्या वेळी कागद सुलटे असतात आणि टेबलाच्या अलीकडे आम्ही एजंट उभे असतो, हाताला लागेल त्या पॅडवर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशी गणती करत. अधिकृत निकालाला पहाट होते, पण कुठल्या पेटीत काय आहे हे एजंटाला मध्यरात्रीच कळतं. मी ज्या टेबलावर होतो तिथे ज्या भागाची धास्ती होती त्याच्या पेट्या आल्या आणि पलीकडच्या बीएनपीच्या एजंटाने थोड्या वेळाने रेघा मारणंच थांबवलं. हॉज यांना ५४ टक्के, ग्रिफिन १४.६ टक्क्यांवर, तिसरा. दुसऱ्या दिवशी कौन्सिलची मतं मोजली तेव्हा ५१ पैकी ५१ जागा मजूर पक्षाला. बीएनपीचा एकही नगरसेवक उरला नाही.

आता यातला गणिताचा भाग. १४.६ टक्के म्हणजे काही चिल्लर नव्हे. देशभरात त्या दिवशी बीएनपीला साडेपाच लाखांवर मतं पडली. ३३८ ठिकाणी उभे होते, जागा शून्य. आपल्याकडे आणि इथे पद्धत एकच, आपण ती इथूनच उचलली: ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, बाकी सगळ्यांची मतं पाण्यात. अशा पद्धतीत सगळीकडे थोडी थोडी मतं असणं म्हणजे कुठेच काही नसणं. शिवाय मतदारालाही हे गणित कळतं. 'मत वाया घालवू नका' हे वाक्य दारावर जेवढं काम करतं तेवढं कुठलंच नैतिक प्रवचन करत नाही.

पद्धत बदलली की काय होतं त्याचा पुरावा आदल्याच वर्षी मिळाला होता. युरोपीय संसदेची निवडणूक इथे १९९९ पासून प्रमाणशीर पद्धतीने, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देऊन, होत असे. २००९ मध्ये बीएनपीला ६.२ टक्के मतं आणि दोन जागा मिळाल्या. गंमत पाहा: वायव्य इंग्लंडमधून ग्रिफिन निवडून आला, पण २००४ मध्ये तिथे पक्षाला जेवढी मतं पडली होती त्याहून या वेळी थोडी कमीच पडली होती. खासदारांच्या खर्चाच्या लफड्यावरून चिडलेला मजूर पक्षाचा मतदार घरी बसला, एकूण मतदान घटलं, आणि तेवढ्याच शिदोरीवर ग्रिफिन ब्रसेल्सला पोचला. फ्रान्सचा विषय प्रश्नात आहे म्हणून तेही सांगतो. १९८६ च्या निवडणुकीला राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी तिथे संसदेसाठी प्रमाणशीर पद्धत आणली. थोरल्या ल पेनच्या नॅशनल फ्रंटला दहा टक्क्यांच्या आत मतं आणि ३५ जागा मिळाल्या. मग जुनी दोन फेऱ्यांची पद्धत परत आली. १९८८ मध्ये मतं साधारण तेवढीच, जागा एक. फ्रेंच माणूस दोन वर्षांत बदलला नव्हता.

तरी सगळं खापर पद्धतीवर फोडणंही बरोबर नाही. कारण एकगठ्ठा वस्तीत याच पद्धतीचा फायदा होतो, आणि कडव्यांची मतं नेहमी अशा काही पट्ट्यांतच साठलेली होती. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'आमच्याकडे येऊ नका' असं सांगितलं होतं. लोक आलेच. १९७६ च्या कौन्सिल निवडणुकीत त्या शहरात इथल्या नॅशनल फ्रंटला (नाव ल पेनच्या पक्षाचंच, पण पक्ष वेगळा) १८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, जागा एकही नाही. दोन-तीन वॉर्डांत ढकलायला अजून थोडंच हवं होतं. ते का मिळालं नाही?

कारण शेजारचं मोठं दुकान. तोच माल, बऱ्या वेष्टनात, आणि दुकानदार ओळखीचा.

हे १९६४ च्या स्मेथिकपासून पाहता येतं. बर्मिंगहॅमला चिकटलेलं हे गाव, ओतशाळांतल्या कामासाठी पंजाबी आलेले. त्या वर्षी देशभर वारं मजूर पक्षाचं होतं, पण स्मेथिकमध्ये हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स उघडउघड वर्णद्वेषी प्रचारावर निवडून आले. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन त्यांना भर सभागृहात 'संसदेतला महारोगी' म्हणाले. पण ग्रिफिथ्स कुठल्या फॅसिस्ट पक्षाचे नव्हते, हे लक्षात घ्या. आणि मजूर पक्षाचे हातही स्वच्छ नाहीत. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर पहिलं बंधन १९६२ मध्ये हुजूर पक्षाने घातलं. १९६८ मध्ये केनियातले ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाई येऊ लागले तेव्हा त्यांना अडवणारा कायदा विल्सन यांच्याच मजूर सरकारने काही दिवसांत उरकून घेतला. कडव्यांनी आरडाओरडा करायचा आणि मोठ्या पक्षांनी त्यातलं निम्मं कायद्यात आणायचं, हा इथला जुना शिरस्ता आहे.

सर्वांत चांगलं उदाहरण १९७८ चं. नॅशनल फ्रंट तेव्हा ऐन भरात होती. १९७३ मध्ये वेस्ट ब्रॉमिचच्या पोटनिवडणुकीत १६ टक्के घेऊन तिने डिपॉझिट वाचवलं होतं, १९७७ मध्ये लंडनच्या महापालिकेला एक लाखावर मतं मिळवली होती. जानेवारी १९७८ मध्ये विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या की वेगळ्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ अशी लोकांना भीती वाटते. एका मुलाखतीत काम झालं. १९७९ मध्ये नॅशनल फ्रंटने ३०३ उमेदवार उभे केले; पुरेसे उमेदवार उभे केले की टीव्हीवर प्रचाराची फुकट वेळ मिळते, हा त्यामागचा हिशेब. ०.६ टक्के मतं. सगळ्यांच्या सगळ्या ३०३ जणांचं डिपॉझिट जप्त. तेव्हा डिपॉझिट दीडशे पौंड होतं, ते वाचवायला एक अष्टमांश मतं लागायची. म्हणजे ४५ हजारांहून जास्त पौंड एका रात्रीत बुडाले. (१९८५ पासून पाचशे पौंड आणि पाच टक्के मतं असा नियम आहे. आपल्याकडे एक षष्ठांश लागतात, त्या मानाने इथे सोपंच.)

रस्त्यावरच्या विरोधाचं श्रेय मी नाकारत नाही. १९७७ मध्ये लंडनच्या ल्युइशॅममध्ये फ्रंटच्या मोर्चाला झालेला विरोध, अँटी-नाझी लीग, रॉक अगेन्स्ट रेसिझमच्या मैफिली, या सगळ्यांनी एका पिढीला सांगितलं की फ्रंटचा बिल्ला लावणं लाजिरवाणं आहे. पण मते कुठे गेली ते मतपेटीत दिसतं, आणि ती थॅचरबाईंकडे गेली. केबल स्ट्रीटचंही असंच. ४ ऑक्टोबर १९३६ ला ईस्ट एंडच्या ज्यू, आयरिश आणि कम्युनिस्टांनी मोझलीच्या काळ्या शर्टांचा मोर्चा अडवला, ही आमच्या भागातली पवित्र कथा. भिंतीवर तिचं भलंमोठं चित्र आहे, मी पाहुण्यांना नेऊन दाखवतो. मात्र त्यानंतर पाचच महिन्यांनी लंडन काउंटीच्या निवडणुकीत बेथनल ग्रीनच्या एका मतदारसंघात मोझलीच्या लोकांना २३ टक्के मतं पडली, हे त्या चित्रात नाही.

मोझलीला खरं मारलं ते हिटलरने. १९३५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याने उमेदवारच दिले नाहीत. 'पुढच्या वेळी फॅसिझम' अशी घोषणा दिली. पुढची वेळ दहा वर्षांनी आली, तोवर तो तुरुंगाची हवा खाऊन आला होता. १९५९ मध्ये, नॉटिंग हिलच्या दंगलींनंतर वर्षभराने, त्याच भागातून उभा राहिला, आठ टक्के पडले, डिपॉझिट गेलं.

युद्धाच्या आठवणीचा हा मुद्दा भारतातून पाहताना नीट लक्षात येत नाही. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया इथे आपलेच लोक त्या बाजूला होते, त्यामुळे ती आठवण गुंतागुंतीची आहे. इथे ती सरळ आहे. घराघरात आजोबांची पदकं, नोव्हेंबरात कोटाला खसखशीचं लाल फूल. इथला राष्ट्राभिमान म्हणजे नाझींना हरवल्याचा अभिमान. कडव्या उजव्याला देशभक्तीच विकायची असते आणि इथे देशभक्तीच त्याच्या विरोधात साक्षीला उभी राहते. बीएनपीने २००९ मध्ये पोस्टरवर स्पिटफायर विमान छापलं, परक्यांविरुद्धच्या ब्रिटनच्या लढाईचं प्रतीक म्हणून. थोड्याच दिवसांत जाणकारांनी दाखवून दिलं की त्या विमानावरच्या खुणा पोलिश वैमानिकांच्या ३०३ स्क्वाड्रनच्या आहेत. ज्या पोलिश लोकांना हाकला म्हणून प्रचार चालला होता त्यांचंच विमान! पबमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. इथे माणूस हास्यास्पद ठरला की संपतो. पुढच्या वर्षी तर त्यांच्या प्रचारफितीच्या कोपऱ्यात मार्माइट या पावाला लावायच्या पदार्थाची बरणी दिसली आणि कंपनी वकील घेऊन धावली.

आता दुकानाच्या मालकांबद्दल, फार लांबवत नाही. खासदारकीचा अर्ज भरायला त्या मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या लागतात आणि ती नावं जाहीर होतात. इलेक्शन एजंट म्हणून सांगतो, चांगल्या पक्षालाही ऐन वेळी दहावी सही मिळवताना फेस येतो. बीएनपीच्या कागदावर सही म्हणजे गल्लीभर बोभाटा. मत गुपचूप देता येतं, पक्ष गुपचूप चालवता येत नाही. २००८ मध्ये त्यांची सदस्यांची अख्खी यादी इंटरनेटवर फुटली, तेव्हा तर कित्येकांच्या नोकरीवर गदा आली. मग उमेदवार म्हणून उरतात ते गमवायला काही नसलेले. पूर्व लंडनमधल्या मिलवॉलला सप्टेंबर १९९३ मध्ये डेरेक बीकन सात मतांनी निवडून आला, बीएनपीचा पहिला नगरसेवक. कौन्सिलचं काम त्याला झेपेना. आठ महिन्यांनी पुन्हा निवडणूक झाली. बीकनची मतं वाढली, तरी तो पडला, कारण त्याला पाडायला एरवी मतदान न करणारे लोक घराबाहेर पडले. ही गोष्ट नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे: असा पक्ष निवडून येण्याची शक्यता दिसली की विरोधी मतदान त्याहून वेगाने वाढतं. २०१० च्या बार्किंगमध्ये तेच झालं. फाटाफुटीचं तर विचारूच नका. १९७९ नंतर फ्रंट फुटली, २०१० नंतर बीएनपी. ग्रिफिनला २०१४ मध्ये त्याच्याच पक्षाने काढलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. २०१५ च्या निवडणुकीत बीएनपीला देशभरात १,६६७ मतं मिळाली. आमच्या वॉर्डात पडलेल्या उमेदवारालाही याहून जास्त मिळतात.

आणि रस्त्यावरची गर्दी म्हणजे मतं नव्हेत, हे आपल्याला सांगायला नको. टॉमी रॉबिन्सन या नावाने वावरणारा कडवा उजवा चळवळ्या १३ सप्टेंबर २०२५ ला लंडनमध्ये लाखभर लोक जमवतो. तोच २०१९ मध्ये युरोपीय निवडणुकीला वायव्य इंग्लंडमधून उभा होता. २.२ टक्के, डिपॉझिट जप्त.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे ब्रिटन सुरक्षित. नाही. मी जे सांगितलं ते जुन्या दुकानांचं. नायजेल फराज यांनी नेमकी ही सगळी कारणं ओळखून वेगळं दुकान काढलं. बीएनपीत राहिलेल्यांना त्यांच्या यूकिप पक्षात, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या पक्षात, दार बंद होतं, तसा लेखी नियमच होता. बूट नाहीत, टक्कल नाही, हिटलरची भानगड नाही. ट्वीडचा कोट, हातात बिअरचा ग्लास. त्यांच्या आजच्या रिफॉर्म यूके पक्षाला 'कडवा उजवा' म्हणावं का, यावर इथे रोज भांडणं होतात. पक्षाला ते नाव मान्य नाही, आणि २०२४ मध्ये बीबीसीने तसं म्हटल्याबद्दल त्यांची माफीही मागितली. माझं मत विचाराल तर बीएनपी आणि रिफॉर्म एका माळेचे मणी नाहीत. पण बेकनट्रीतल्या त्या बुरशीवाल्या घराचा मतदार एकच आहे.

यांच्याही बाबतीत आधी गणित आडवं आलं. २०१५ मध्ये यूकिपला ३८ लाखांवर मतं, खासदार एक. २०२४ मध्ये रिफॉर्मला ४१ लाख, खासदार पाच. त्याच वेळी लिबरल डेमोक्रॅटांना ३५ लाखांत ७२. पण त्याच रात्री मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर चारशेवर जागा मिळाल्या, तिकडे बघा. या पद्धतीत पंधरा टक्क्यांपर्यंत भिंत असते आणि तिशीच्या आसपास तीच भिंत शिडी होते. मे २०२५ मध्ये रिफॉर्मने रनकॉर्नची पोटनिवडणूक सहा मतांनी जिंकली आणि त्याच दिवशी दहा कौन्सिलं ताब्यात घेतली. १९७९ मध्ये शेजारचं मोठं दुकान मजबूत होतं म्हणून छोटं बुडालं. या वेळी मोठं दुकानच मोडकळीला आलं आहे, आणि त्याचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून निघालं आहे. मजूर सरकार शिरस्त्याप्रमाणे तोच माल मांडायला लागलं आहे: कायम वास्तव्याचा परवाना, आयएलआर, पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी देण्याचा प्रस्ताव त्यांनी मे २०२५ मध्येच काढला. गिऱ्हाईक परत येईल असं त्यांना वाटतं. मला शंका आहे.

शेवटी आपल्या लोकांचं. २०२५ च्या गणपतीत एका शाळेच्या हॉलमध्ये महाप्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ माझ्यापुढे होते. मूळचे नाशिकचे, तीस वर्षं इथे, ब्रिटिश पासपोर्ट. म्हणाले, "या वेळी रिफॉर्मला देणार बघा. आम्ही रांगेत उभं राहून, फिया भरून आलो. हे बोटीतून येणारे फुकटे थांबायलाच हवेत." मी मोदक घेतला, वाद घातला नाही, रांगेत मागे पोरंबाळं होती. सप्टेंबरच्या २२ तारखेला फराज यांनी जाहीर केलं की सत्तेत आलो तर आयएलआर हा प्रकारच रद्द करू. त्या रात्री त्या गृहस्थांचा फोन. भाचा आयटीत आहे, चार वर्षं स्किल्ड वर्कर व्हिसावर, पुढच्या वर्षी अर्ज करायचा होता. "ते आपल्याला लागू नाही ना हो? ते त्या बोटवाल्यांसाठी असेल." मी म्हटलं, नुकत्याच बोटीतून आलेल्यांकडे आयएलआर नसतो, तो तुमच्या भाच्यासारख्यांना मिळतो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग मी विचारलं, भाच्याचं नाव मतदारयादीत आहे का? "तो तर अजून भारतीय नागरिक आहे." राष्ट्रकुलाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर भारतीय पासपोर्टवरही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे तीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्विंडनच्या गोवेकरांना पोर्तुगीज पासपोर्टवर कौन्सिलसाठी मत देता येतं, संसदेसाठी नाही. आपल्या भारतीय पासपोर्टवर दोन्ही. भाच्याने त्याच रात्री ऑनलाइन नाव नोंदवलं, मामांनी मला स्क्रीनशॉट पाठवला. मामांच्या नावापुढे मी माझ्या मनातल्या कागदावर 'डळमळीत' लिहून ठेवलं आहे.